चौदा खासदार आणि एक माफीनामा : वानुआतूच्या संसदेतील २०१५ चे लाच प्रकरण

वानुआतू या पॅसिफिक महासागरातील द्वीपराष्ट्राच्या संसदेत ५२ सदस्य असतात. ९ ऑक्टोबर २०१५ रोजी, शुक्रवारी, त्यांपैकी १४ जणांना राजधानी पोर्ट व्हिला येथील सर्वोच्च न्यायालयाने (नाव असे असले तरी तिथे त्याच्या वर अपील न्यायालय असते) लाचखोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. दोषींमध्ये देशाचे उपपंतप्रधान होते, एक माजी पंतप्रधान होते आणि खुद्द संसदेचे सभापतीही होते. दुसऱ्याच दिवशी या सभापतींनी कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष या नात्याने आपल्या १३ सहकाऱ्यांना आणि स्वतःलाही माफी देऊन टाकली. पुढच्या दोन आठवड्यांत ती माफी रद्द झाली, न्यायालयाने तिच्या रद्द होण्यावर शिक्कामोर्तब केले आणि चौदाही जण तुरुंगात गेले. जेमतेम पावणेतीन लाख लोकसंख्येच्या देशात, ज्याच्याकडे आपल्याकडचे वाचक एरवी फारसे वळत नाहीत, घडलेले हे प्रकरण संसदीय लोकशाहीचा अभ्यास करणाऱ्या कोणीही बारकाईने पाहावे असे आहे. लहान सभागृहात एका मताला किती किंमत येते आणि ती किंमत रोखीने मोजली जाऊ लागली की घटनेतील कोणते कलम उपयोगी पडते, कोणते अपुरे ठरते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणे जगात थोडी आहेत.

सभागृहाचे गणित

वानुआतू ३० जुलै १९८० रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी न्यू हेब्रिडीज या नावाने त्याच्यावर ब्रिटन आणि फ्रान्स यांचे संयुक्त राज्य होते. दोन प्रशासने, दोन पोलीस दले, दोन शाळाव्यवस्था अशी ती विचित्र रचना होती, आणि त्यातून निर्माण झालेली इंग्रजी शिकलेले व फ्रेंच शिकलेले ही फूट स्वातंत्र्यानंतरच्या पक्षरचनेतही उतरली. पहिली अकरा वर्षे वॉल्टर लिनी यांच्या वानुआकु पाती या पक्षाने सलग सत्ता राखली. १९९१ मध्ये तो पक्ष फुटला, लिनी पायउतार झाले, आणि तेव्हापासून आघाडी सरकारांशिवाय दुसरा प्रकार देशाने जवळपास पाहिलेला नाही.

याला निवडणूक पद्धतीची जोड आहे. बहुतेक मतदारसंघांतून एकापेक्षा अधिक सदस्य निवडले जातात, मोठ्या बेटांवर तर सहा-सातसुद्धा. पण मतदाराला मत मात्र एकच असते. त्यामुळे सात जागांच्या मतदारसंघात आपल्या गावाचा, आपल्या नातेगोत्याचा आणि आपल्या चर्चचा पाठिंबा मिळवला तरी उमेदवार निवडून येऊ शकतो. त्याला पक्षाची गरज नावापुरतीच उरते. परिणामी सभागृहात डझनाहून अधिक पक्ष असतात, त्यांतले काही एका सदस्याचे असतात, आणि सरकार म्हणजे अशा तुकड्यांची रोज नव्याने बांधावी लागणारी मोळी असते.

आता घटनेतील दोन आकडे पाहावेत. मंत्र्यांची संख्या, पंतप्रधानांसह, सदस्यसंख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे ५२ च्या सभागृहात कमाल १३ मंत्री. बहुमतासाठी हवेत २७. याचा अर्थ असा की काठावरच्या बहुमतातही जवळपास निम्म्या सत्ताधारी सदस्यांना मंत्रिपद मिळते, आणि उरलेल्या निम्म्यांना ते न मिळाल्याचे शल्य असते. दुसरीकडे, अविश्वास ठराव मांडण्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या एक षष्ठांश सह्या, म्हणजे अवघ्या नऊ सह्या पुरतात, आणि सभापतींना आठवडाभराची सूचना द्यावी लागते. ठराव पूर्ण बहुमताने संमत झाला की पंतप्रधान आणि सर्व मंत्री तत्काळ पदमुक्त होतात. थोडक्यात, नाराज सदस्यांचा पुरवठा कायमचा आहे आणि सरकार पाडण्याची किंमत नऊ सह्या व सात दिवस एवढीच आहे.

एकेका मताचे वजन किती, हे २०११ मध्ये दिसले होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये साटो किलमन यांचे सरकार २६ विरुद्ध २५ मतांनी पडले आणि सर्ज वोहोर पंतप्रधान झाले. तीन आठवड्यांच्या आत अपील न्यायालयाने सांगितले की ५२ च्या सभागृहात २६ हे पूर्ण बहुमत नव्हे, २७ लागतात. वोहोर गेले, किलमन परत आले. जूनमध्ये दुसऱ्या एका निकालाने किलमन यांची मूळ निवडही अवैध ठरली, एडवर्ड नाटापेई यांनी काही दिवस कारभार पाहिला आणि महिना संपण्याआधी किलमन पुन्हा निवडून आले. एका सदस्याची अनुपस्थिती, एखाद्याचे आजारपण, एखाद्याचे बाक बदलणे, यांवर सरकारे उभी राहत आणि कोसळत होती. अशा ठिकाणी पैसेवाला माणूस सदस्याला गाठायला येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पैसे कसे दिले गेले

मे २०१४ मध्ये मोआना कारकासेस कालोसिल यांचे सरकार अविश्वास ठरावाने पडले आणि जो नाटुमन पंतप्रधान झाले. कारकासेस यांचा जन्म ताहितीतला. वानुआतूचे नागरिकत्व घेऊन पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेले ते पहिलेच गृहस्थ. सत्ता गेल्यावर ते विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यांनी विरोधी बाकांवरील सहकाऱ्यांना पैसे दिले. एकूण रक्कम सुमारे साडेतीन कोटी वातू होती, आणि अनेकांच्या वाट्याला दहा-दहा लाख वातू आले. दहा लाख वातू म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दहा हजार अमेरिकी डॉलर, अर्थात सहा लाख रुपयांच्या आसपास. सरकारे पाडण्याच्या आपल्याकडच्या कहाण्यांत ज्या रकमा कानावर येतात त्यांच्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण जिथे बहुसंख्य लोक स्वतःच्या जमिनीत पिकवलेल्या कंदमुळांवर आणि थोड्याशा खोबऱ्याच्या किंवा कावा या पेयासाठी पिकवल्या जाणाऱ्या मुळांच्या विक्रीवर गुजराण करतात, तिथे ती रक्कम किरकोळ नाही.

हा व्यवहार लपून राहिला नाही. नाटुमन यांच्या बाजूने नोव्हेंबर २०१४ मध्ये संसदेत ठराव आणून १६ विरोधी सदस्यांना निलंबित करण्यात आले. ही कारवाई न्यायालयात टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने निलंबन रद्द केले आणि सदस्य सभागृहात परतले. माझ्या मते प्रकरणातील हे पहिले महत्त्वाचे वळण आहे, आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सत्ताधारी बहुमताने विरोधकांना सभागृहाबाहेर काढणे हा मार्ग बंद झाल्यामुळेच तक्रार पोलिसांकडे, सरकारी वकिलांकडे आणि पुराव्याच्या कसोटीवर गेली. निलंबन टिकले असते तर हे सारे एका राजकीय सूडाच्या खात्यात जमा झाले असते आणि दोन्ही बाजूंना आपापली गोष्ट सांगत बसता आले असते.

दरम्यान मार्च २०१५ मध्ये पाम हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ देशावर आदळले. पोर्ट व्हिलासह दक्षिणेकडील बेटांची दाणादाण उडाली, घरे व बागा गेल्या, आणि पुनर्वसनाचे काम सुरू असतानाच राजधानीत सत्तेची जुळवाजुळवही चालू राहिली. ११ जून रोजी नाटुमन यांचे सरकार अविश्वास ठरावाने पडले. साटो किलमन पंतप्रधान झाले, कारकासेस उपपंतप्रधान झाले, आणि लाचेच्या चौकशीत नाव असलेले अनेक सदस्य सत्ताधारी बाकांवर, काही तर मंत्रिमंडळात जाऊन बसले. किलमन यांच्यावर स्वतः आरोप नव्हता. पण त्यांचे बहुमत ज्यांच्या आधारावर उभे होते, त्यांच्यावर खटला चालणार होता.

बचाव आणि निकाल

खटला न्यायमूर्ती मेरी से यांच्यापुढे चालला. त्या मूळच्या पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या. वानुआतूसारख्या लहान देशात उच्च न्यायव्यवस्थेत बाहेरच्या देशांतील न्यायाधीश नेमण्याची प्रथा आहे. अपील न्यायालयातही शेजारच्या देशांतील न्यायाधीश येऊन बसतात. जिथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या नात्यातला किंवा बेटावरचा असतो, तिथे या प्रथेचे मोल किती, हे या प्रकरणात कळून आले.

आरोपींचा मुख्य बचाव असा होता की हे पैसे म्हणजे कर्ज होते. मतदारसंघातील कामांसाठी, लोकांच्या अडीअडचणींसाठी एका सहकाऱ्याने दुसऱ्यांना दिलेली ती उसनवारी, त्यात मतांचा सौदा नाही, असे त्यांचे म्हणणे. हा बचाव निव्वळ बनाव म्हणून बाजूला सारण्याआधी त्याची सामाजिक पार्श्वभूमी समजून घ्यायला हवी. वानुआतूत खासदाराकडे लोक कायदे करणारा म्हणून जात नाहीत. मुलाची शाळेची फी, आजारी माणसाला दुसऱ्या बेटावरच्या रुग्णालयात नेण्यासाठी बोटीचे भाडे, मृत्यूनंतरच्या विधींसाठी लागणारे डुक्कर आणि विणलेल्या चटया, गावच्या चर्चचे छप्पर, यासाठी त्याच्या दारी रांग लागते. सदस्यांना मतदारसंघासाठी सरकारी निधी मिळतो, पण तो पुरत नाही, आणि जो देत नाही तो पुन्हा निवडून येत नाही. त्यामुळे सदस्य कायम पैशाच्या शोधात असतो, आणि पैसा असलेल्या नेत्याने तो पुढे केला की नाही म्हणणे त्याला जड जाते.

परंतु ही पार्श्वभूमी गुन्हा समजावून सांगते, तो पुसून टाकत नाही. पैसे कोणी दिले, कोणाला दिले आणि ते हाती पडले त्या काळात घेणारे कोणत्या राजकीय हालचालीत होते, हे न्यायालयाने एकत्र पाहिले. पैसे देण्यामागे सदस्यांच्या संसदेतील वर्तनावर प्रभाव टाकण्याचा, सरकार पाडण्यासाठी त्यांना बांधून ठेवण्याचा हेतू होता, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी काढला. दंडसंहितेतील लाचविषयक तरतूद आणि नेत्यांच्या आचारसंहितेचा कायदा या दोन्हींखाली १४ सदस्य दोषी ठरले. या चौदांखेरीज अर्थमंत्री विली जिमी यांनी आधीच गुन्हा कबूल केला होता. साऱ्या आरोपींमध्ये तेवढ्या एकानेच हा मार्ग धरला, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

इथे आपल्याकडील एका घटनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवरील अविश्वास ठरावाच्या वेळी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन मतदान केल्याच्या प्रकरणात, १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने असा निर्णय दिला की पैसे घेऊन त्याप्रमाणे सभागृहात मत देणाऱ्या सदस्याला घटनेतील संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण आहे. तो निर्णय सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी रद्द केला. वानुआतूच्या घटनेतही २७ व्या कलमात सदस्याला सभागृहातील मत आणि मतप्रदर्शन यांबद्दल खटल्यापासून संरक्षण आहे. तरीही तिथे लाच घेण्याची कृती आणि मत देण्याची कृती वेगळी आहे, हे तत्त्व आपल्याआधी नऊ वर्षे प्रत्यक्ष शिक्षेपर्यंत पोहोचले होते.

ते दोन दिवस

निकाल शुक्रवारी लागला. शिक्षा किती, ते न्यायालय नंतर सांगणार होते. राष्ट्राध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल त्या वेळी परदेश दौऱ्यावर होते. राष्ट्राध्यक्ष देशाबाहेर असले की त्यांचे अधिकार संसदेच्या सभापतींकडे जातात, अशी घटनेतील तरतूद आहे. सभापती होते मार्सेलिनो पिपिते, आणि आदल्याच दिवशी दोषी ठरलेल्या चौदांपैकी ते एक होते.

शनिवारी, १० ऑक्टोबर रोजी पिपिते यांनी माफीच्या आदेशावर सही केली आणि रविवारी ते जाहीर केले. देशात शांतता आणि ऐक्य राहावे म्हणून आपण हे पाऊल उचलले, असे कारण त्यांनी दिले. ज्या देशात १९९६ साली थकलेल्या भत्त्यांसाठी निमलष्करी दलाच्या जवानांनी राष्ट्राध्यक्षांनाच पळवून नेले होते, तिथे शांततेचा मुद्दा अगदी पोकळ नव्हता. परंतु निकालानंतर रस्त्यांवर दंगल झाली नव्हती. लोक शांत होते. अशांततेची शक्यता कोणाला वाटत असेल तर ती न्यायालयाच्या निकालामुळे नव्हे, माफीमुळे वाटू लागली होती.

माफीपुरतेच हे थांबले नाही. कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष म्हणून पिपिते यांनी लोकायुक्त काल्कोट मातास्केलेकेले यांनाही निलंबित केले. मातास्केलेकेले हे स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष, आणि लोकायुक्त म्हणून नेत्यांच्या वर्तनाची चौकशी करणे हे त्यांचे काम. उसन्या हाती आलेल्या अधिकाराचा वापर कोणत्या दिशेने चालला होता, हे या एका आदेशावरून स्पष्ट होते.

लॉन्सडेल रविवारी परतले. उत्तरेकडच्या बँक्स द्वीपसमूहातील मोता लावा बेटाचे हे गृहस्थ अँग्लिकन धर्मगुरू होते आणि राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी टोर्बा प्रांताचे मुख्य प्रशासकीय अधिकारी राहिले होते. त्यांना पद स्वीकारून जेमतेम वर्ष झाले होते, आणि वानुआतूत हे पद मुख्यतः समारंभाचे आहे. राष्ट्राला उद्देशून बोलताना त्यांनी घडल्या प्रकाराबद्दल धक्का आणि खेद व्यक्त केला, कायद्यापेक्षा कोणीही मोठा नाही असे सांगितले आणि आपल्या परसातली घाण आपण साफ करू असे आश्वासन दिले. पण त्याच वेळी त्यांनी घाईने काही रद्द केले नाही. आधी कायदेशीर सल्ला घेतला. शुक्रवारी, १६ ऑक्टोबर रोजी, त्यांनी चौदाही जणांची माफी मागे घेतली. त्याच दिवशी पोलिसांनी पिपिते आणि माफी मिळालेल्या इतर काही सदस्यांना न्यायाच्या कामात अडथळा आणण्याच्या कटाच्या आरोपावरून ताब्यात घेतले.

माफी मागे घेता येते का?

प्रकरणातला कायद्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे, आणि लॉन्सडेल यांच्याबद्दल वाटणाऱ्या आदरापोटी तो गुळगुळीत करून चालणार नाही. एकदा दिलेली माफी मागे घेण्याचा अधिकार घटनेत कुठे स्पष्ट लिहिलेला नाही. तो सर्रास मान्य केला तर उद्या एखादा सूडबुद्धीचा राष्ट्राध्यक्ष आपल्या पूर्वसुरीने सोडलेल्या माणसांना पुन्हा गजाआड टाकू शकेल. दोषी सदस्यांच्या वकिलांचा रोख याच मुद्द्यावर होता : सभापती त्या दिवशी घटनेनुसार राष्ट्राध्यक्षांचे काम पाहत होते, माफीचा अधिकार त्यांना होता, तो त्यांनी वापरला, विषय संपला.

या युक्तिवादाला घटनेतच दोन उत्तरे आहेत. पहिले ३८ व्या कलमाच्या शब्दांत आहे. राष्ट्राध्यक्ष, गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीला दिलेली शिक्षा माफ करू शकतात, बदलू शकतात किंवा कमी करू शकतात, असे ते कलम म्हणते. १० ऑक्टोबरला दोष सिद्ध झाला होता, शिक्षा सुनावलीच गेली नव्हती. जी शिक्षा अस्तित्वात नाही ती माफ करण्याचा आदेश मुळातच अधांतरी राहतो.

दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. घटनेच्या ६६ व्या कलमात नेत्यांच्या वर्तनाचे नियम आहेत : ज्यात स्वतःचे हित आणि सार्वजनिक कर्तव्य यांचा संघर्ष होईल अशा परिस्थितीत नेत्याने स्वतःला ठेवू नये, पदाची अप्रतिष्ठा करू नये, स्वतःच्या सचोटीविषयी शंका निर्माण होऊ देऊ नये. राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि संसद सदस्य हे सारे या कलमाच्या कक्षेत येतात. म्हणजे माफीचा अधिकार आणि हे बंधन एकाच दस्तऐवजात, एकाच माणसावर, एकाच वेळी लागू होते. स्वतःच स्वतःला माफ करणे यापेक्षा हितसंबंधांच्या संघर्षाचे ठळक उदाहरण कल्पनेतही आणता येणार नाही. त्यामुळे लॉन्सडेल यांनी वैध माफी काढून घेतली असे न म्हणता, जी माफी घटनेच्या मर्यादेबाहेर दिली गेली होती ती त्यांनी नोंदीवरून पुसली, असे म्हणणे अधिक नेमके होईल. या मांडणीत भविष्यातील सूडाला वाव उरत नाही.

२१ ऑक्टोबर रोजी न्यायमूर्ती ऑलिव्हर साकसाक यांनी माफी रद्द करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा निर्णय उचलून धरला. दुसऱ्याच दिवशी, २२ तारखेला, शिक्षा सुनावल्या गेल्या. कारकासेस यांना चार वर्षे, पिपिते आणि माजी पंतप्रधान वोहोर यांना प्रत्येकी तीन वर्षे. सर्व चौदा जणांच्या शिक्षा तीन ते चार वर्षांच्या दरम्यान होत्या. गुन्हा कबूल करणाऱ्या जिमी यांना वीस महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने सर्व अपिले फेटाळली.

याच ३८ व्या कलमात आणखी एक वाक्य आहे : माफीच्या अधिकाराच्या वापराबाबत राष्ट्राध्यक्षांना सल्ला देण्यासाठी संसद समितीची तरतूद करू शकते. घटनाकारांना धोका दिसत होता, पण त्यांनी तो टाळण्याचे काम संसदेच्या मर्जीवर सोडले. २००२ मध्ये माजी पंतप्रधान बराक सोपे यांना सरकारी हमीपत्रांच्या बनावटीबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली होती, आणि काही महिन्यांतच तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन बानी यांनी प्रकृतीच्या कारणावरून त्यांना माफी दिली होती. सोपे यांची प्रकृती खरोखर नाजूक असेल. मधुमेहाने ते त्रस्त होते हे सर्वज्ञात होते. पण त्या माफीने राजकारण्यांच्या मनात एक वाट उघडी राहिली, ती म्हणजे न्यायालयात हरलो तरी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत जिंकता येते. त्या वाटेवर सल्ला देणारी समिती उभी असती, तर २०१५ च्या त्या शनिवारी पिपिते यांना एकट्याने सही करून मोकळे होता आले नसते.

उरलेली संसद

सभागृहातील एक चतुर्थांशाहून अधिक सदस्य तुरुंगात गेल्यावर सरकारचे काय झाले, हा भाग थोडक्यात सांगता येईल. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या सदस्याची जागा, अपिलाची मुदत संपल्यावर, रिक्त होते असा तिथला कायदा आहे. किलमन यांच्याकडे बहुमत उरले नाही, विरोधकांकडेही पुरेसे संख्याबळ नव्हते. सर्वपक्षीय सरकार बनवावे असा राष्ट्राध्यक्षांचा आग्रह होता, पण वाटाघाटी फिसकटल्या. २४ नोव्हेंबर रोजी लॉन्सडेल यांनी संसद विसर्जित केली. २२ जानेवारी २०१६ रोजी मुदतपूर्व निवडणूक झाली आणि ११ फेब्रुवारीला शार्लो सालवाई पंतप्रधान झाले.

सालवाई यांचे सरकार २०२० च्या निवडणुकीपर्यंत टिकले. १९९१ नंतरच्या काळात ही असाधारण गोष्ट होती. खटल्याचा धाक हे त्याचे एक कारण असू शकते. सरकार पाडण्यात निष्णात असलेले काही अनुभवी नेते तुरुंगात होते हेही एक कारण असेल. परंतु शिक्षेने गणित बदलले नव्हते. तेच ५२, तेच २७, त्याच नऊ सह्या. २०२० नंतर जुने चक्र पुन्हा फिरू लागले. २०२३ च्या एकाच वर्षात इश्माएल काल्साकाऊ, साटो किलमन आणि सालवाई असे तीन पंतप्रधान झाले, आणि त्यातही वाद पुन्हा २६ या आकड्याचाच होता. एक जागा रिक्त असताना ५१ पैकी २६ हे पूर्ण बहुमत ठरते की नाही, हे ठरवायला पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागली. या वेळी उत्तर होकारार्थी आले.

लॉन्सडेल यांना हे पाहायला मिळाले नाही. राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच १७ जून २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

गणिताला हात

अखेर २९ मे २०२४ रोजी वानुआतूच्या इतिहासातील पहिले सार्वमत घेण्यात आले. घटनेत १७ अ आणि १७ ब ही दोन नवी कलमे घालावीत का, असा प्रश्न होता, आणि मतदारांनी बहुमताने होकार दिला. पहिल्या कलमानुसार, ज्या पक्षाकडून सदस्य निवडून आला तो पक्ष सोडल्यास त्याची जागा रिक्त होते. दुसऱ्यानुसार अपक्ष म्हणून किंवा एकट्या सदस्याच्या पक्षाकडून निवडून आलेल्याने, संसदेच्या पहिल्या बैठकीनंतर ठरावीक मुदतीत, एखाद्या मोठ्या पक्षात सामील झाले पाहिजे.

घटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदीचा, चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या आपल्याला इथे सावध राहण्याचा अधिकार आहे. पक्षांतराला जागा गमावण्याची शिक्षा ठेवली की सुटे सदस्य फुटण्याऐवजी गट फुटू लागतात आणि अपात्रतेचा निर्णय कोण, किती दिवसांत देणार यावर सारी लढाई सरकते, हे आपण पाहिले आहे. शिवाय वानुआतूत सरकारे पडतात ती बऱ्याचदा अख्ख्या पक्षाने आघाडी बदलल्यामुळे, आणि त्याला नवे कलम अडवत नाही. नऊ सह्यांची अट आणि एका मतदाराला एकच मत देणारी बहुसदस्यीय मतदारसंघांची पद्धत, ही दोन मुळे सार्वमताने जागीच ठेवली. माझ्या मते पक्षांतरबंदीपेक्षा मतदानपद्धतीला आधी हात घालायला हवा होता, कारण पक्षाच्या बळावर निवडून न आलेल्या माणसाला कायद्याने पक्षात कोंबल्याने त्याची निष्ठा बदलत नाही.

नव्या कलमांची पहिली कसोटी लगेच आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, सालवाई यांच्यावर अविश्वास ठरावाचे सावट असताना, राष्ट्राध्यक्ष निकेनिके वुरोबाराव्हू यांनी संसद विसर्जित केली. १७ डिसेंबरला ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने पोर्ट व्हिला हादरले, इमारती कोसळल्या, माणसे गेली, आणि तरीही महिन्याभरात, १६ जानेवारी २०२५ रोजी मतदान पार पडले. फेब्रुवारीत जोथाम नापाट पंतप्रधान झाले. अपक्षांना आणि एकट्या सदस्यांना पक्ष निवडणे बंधनकारक असलेली ही वानुआतूची पहिली संसद आहे, आणि तिच्यातही बहुमताचा आकडा २७ च आहे.